नेपाळच्या अनाथाश्रमात दोन आठवडे व्हॉलंटिअरिंग: मुलीला पाठवावं का?

यारा_नदीकाठी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही मेलबर्नला असतो, लेक इयर इलेव्हनला आहे, सोळा पूर्ण झालीत. तिच्या मैत्रिणींचा एक ग्रुप डिसेंबरच्या सुट्टीत नेपाळला निघालाय, एका ट्रॅव्हल कंपनीतर्फे. आधी थोडं फिरणं, छोटासा ट्रेक, आणि मग दोन आठवडे काठमांडूजवळच्या एका अनाथाश्रमात राहून मुलांना इंग्लिश शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं, एक खोली रंगवून द्यायची असा कार्यक्रम आहे. खर्च साडेतीन हजार डॉलर, विमानाचं तिकीट वेगळं.

लेक अगदी मनापासून तयार आहे. तिला लहान मुलांची भयंकर आवड आहे, इथे शेजारच्यांची दोन पोरं कायम आमच्याच घरी असतात. सांगलीहून सासूबाईंचा फोन आला तर म्हणाल्या पुण्याचं काम आहे गं, जाऊ दे पोरीला, नाहीतरी सुट्टीत मोबाईलच बघत बसणार. नवरा म्हणतो युनिव्हर्सिटीच्या अर्जालाही उपयोग होईल. माझं मात्र मन काही तयार होत नाहीये. सुरुवातीला वाटलं की आईची काळजी आहे, एवढ्या लांब, पाणी कसं असेल, आजारी पडली तर वगैरे. पण ते तेवढंच नाहीये. कंपनीने जे माहितीपत्रक पाठवलंय त्यात त्या मुलांचे मोठे मोठे फोटो आहेत, खाली नाव, वय, आणि 'आईवडील नाहीत' असं लिहिलंय. आणि आमच्या मुलीबद्दल कंपनीने काय विचारलं तर पासपोर्ट नंबर, टीशर्टची साइज आणि शाकाहारी आहे का. बास. इथे चाइल्डकेअरमध्ये कामाला लागायचं तर मोठ्या माणसाला पोलीस तपासणी होऊन वर्किंग विथ चिल्ड्रन चेक लागतो, आणि तिथे कुणीही पैसे भरून मुलांच्यात जाऊन राहू शकतं का?

कुणाला अनुभव असेल, नेपाळची माहिती असेल तर प्लीज लिहा. डिपॉझिट भरायची तारीख जवळ आलीये.

---

शिरीषफूल

ताई, तुमचं मन तयार होत नाहीये ते अगदी बरोबर आहे, त्याचं ऐका. मी पुण्यात बालकांच्या संस्थांशी संबंधित काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी साधी गोष्ट. आपल्याकडे बाल न्याय कायदा 2015 आहे, त्याखाली कुठल्याही मुलाला बालगृहात ठेवायचं तर बालकल्याण समितीचा आदेश लागतो, मुलाला समितीसमोर हजर करावं लागतं, घरची चौकशी होते, कागद तयार होतात. सगळीकडे हे नीट पाळलं जातं असं मी म्हणणार नाही, पण निदान तत्त्व पक्कं आहे की संस्था हा शेवटचा पर्याय, आधी आईबाप, मग नातेवाईक, मग दुसरं कुटुंब. आणि मुलाची ओळख जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. ज्या माहितीपत्रकात मुलांचे फोटो नाव-वयासकट छापलेत ना, त्या संस्थेला बालसंरक्षणाचं काही पडलेलं नाही हे तिथेच कळतं.

दुसरी गोष्ट मुलांच्या मनाची, आणि मला याचंच जास्त वाटतं. रोमानियात 2000 च्या सुमारास एक मोठा अभ्यास सुरू झाला, बुखारेस्टच्या संस्थांमधली 136 तान्ही आणि दोन-अडीच वर्षांपर्यंतची मुलं होती, त्यातल्या निम्म्यांना चांगल्या पालक कुटुंबात (म्हणजे मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या घरात) ठेवलं आणि निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली, आणि पुढे वर्षानुवर्षं दोन्ही गटांकडे बघत राहिले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसाशी जोडलं जाणं सगळंच सुधारलं, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांचं सगळ्यात जास्त. मुलाला खेळणी, रंगवलेली भिंत, इंग्लिश हे सगळं नंतर, आधी एक कायमचं माणूस लागतं. रात्री ताप आला तर तेच, सकाळी वेणी घालायला तेच.

आता व्हॉलंटिअर येतात तिथे काय होतं ते बघा. दर दोन आठवड्यांनी नवीन ताई, नवीन दादा. प्रत्येक जण जीव लावतो, मांडीवर घेतो, आणि जातो. पुढचा बॅच येतो. तिथे गेलेले लोक कौतुकाने सांगतात की अहो आम्ही गेटमधून आत शिरलो तर मुलं धावत येऊन गळ्यात पडली, इतकी प्रेमळ! ताई, तुमच्या शेजारची दोन पोरं पहिल्यांदा तुमच्या घरी आली तेव्हा आईच्या मागे लपली असतील ना? घरातलं मूल अनोळखी माणसाला बघून आधी आईचा पदर धरतं. कुणाच्याही गळ्यात पडणारं मूल बघितलं की आमच्या क्षेत्रातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

तुमची लेक वाईट करायला जात नाहीये, तिचं मन चांगलंच आहे. पण त्या बॅचमधली ती कितवी हे त्या मुलांना मोजावं लागतं.

---

काठमांडूकर

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं काठमांडूला काढली, ललितपूरच्या बाजूला राहायचो, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे त्या 'आईवडील नाहीत' यावर विश्वास ठेवू नका. नेपाळमधल्या बालगृहातल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील किंवा दोघंही हयात आहेत, हे तिथलं सरकार, युनिसेफ, तिथे काम करणाऱ्या संस्था सगळे उघड सांगतात. हे कसं झालं ते समजायला जरा मागे जावं लागेल. 1996 ते 2006 तिथे माओवाद्यांचं युद्ध चाललं. हुम्लासारखे लांबचे डोंगरी जिल्हे, जिथे तेव्हा गाडीरस्ता पोचलेलाच नव्हता, नेपालगंजहून छोट्या विमानाने सिमिकोटला उतरायचं आणि मग दिवसचे दिवस चालायचं, अशा ठिकाणी घरटी एक पोर माओवादी मागायचे. आईबाप घाबरलेले. त्यात एजंट यायचे, म्हणायचे पोराला काठमांडूला बोर्डिंगमध्ये घालतो, इंग्लिश शिकेल, जीव वाचेल. त्यासाठी आईबापांनी जमीन गहाण टाकून, जनावरं विकून पैसे दिलेत. आणि तो एजंट पोराला काठमांडूत आणून एखाद्या घरात ठेवायचा, कागदावर आईबाप मेलेले दाखवायचा आणि परदेशी लोकांकडून देणग्या घ्यायचा. म्हणजे दोन्हीकडून पैसा. अशा मुलांची घरं शोधून त्यांना परत गावी नेण्याचं काम नेक्स्ट जनरेशन नेपाळ ही संस्था 2006 पासून करत आली.

युद्ध संपलं, पण धंदा संपला नाही कारण पर्यटक वाढले. तेव्हा नेपाळमध्ये 75 जिल्हे होते (आता 77), आणि नोंदणी झालेल्या बालगृहांपैकी 90 टक्क्यांच्या आसपास फक्त पाच जिल्ह्यांत: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन, कास्की. कास्की म्हणजे पोखरा. चितवन म्हणजे गेंडे बघायला जातात ते. अनाथ पोरं काय फक्त पर्यटक उतरतात तिथेच जन्माला येतात का? गरिबी जास्त कर्णालीसारख्या लांबच्या डोंगरी भागात, आणि अनाथाश्रम पोखऱ्याच्या तलावाजवळ, हे एवढं एक बघितलं तरी सगळं समजतं.

आता डोळ्यांनी बघितलेलं सांगते. आमच्याकडे कामाला एक दिदी यायची, सिंधुपाल्चोककडची. तिच्या बहिणीचा मुलगा काठमांडूत 'बोर्डिंगला' होता. एकदा दसैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) आधी ती बहीण गावाहून मुलाला भेटायला आली, आदल्या रात्री आमच्याकडेच राहिली, कापडात बांधून मकई आणि तूप आणलं होतं. दुसऱ्या दिवशी परत आली ती रडतच. गेटवर तिला सांगितलं होतं, आत परदेशी पाहुणे आहेत, कुणी विचारलं तर मी फुपू आहे असं सांग. फुपू म्हणजे आत्या. जन्म दिलेल्या बाईने आपल्या पोरासमोर आत्या म्हणून बसायचं, आणि पोरगाही तिला सगळ्यांसमोर फुपू म्हणत होता कारण त्याला तसं शिकवलं होतं. ती मला विचारत होती की भाउजूं, माझं नाव कागदावर मेलेलं लिहिलंय तर मला त्याला परत नेता येईल का. पुढे एका संस्थेच्या मदतीने आणि वॉर्ड ऑफिसातून जन्मदाखला काढून त्याला नेलं एकदाचं घरी, पण त्यात जवळजवळ वर्ष गेलं आणि पोरगं पहिले काही महिने आईशी धड बोलत नव्हतं.

अजून एक महत्त्वाचं. तुमच्या मुलीचा पासपोर्ट ऑस्ट्रेलियन असेल तर ती टुरिस्ट व्हिसावर जाणार. नेपाळमध्ये टुरिस्ट व्हिसावर काम करायला परवानगी नाही, आणि बिनपगारी व्हॉलंटिअरिंग हेसुद्धा त्यात धरतात. (भारतीय पासपोर्टला व्हिसाच लागत नाही, तो प्रश्न वेगळा.) कंपनी हे तुम्हाला सांगते का विचारा.

---

रानवारा

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी कंबोडियात सिएम रीपला एका अशाच आश्रमात नोकरीतून ब्रेक घेऊन काही महिने शिकवलंय. तिथल्या मुलांना मी गणित आणि कॉम्प्युटर शिकवला, त्यातली दोन मुलं आज हॉटेलात चांगल्या नोकरीला आहेत, अजून मेसेज करतात. तिथे जे पतीपत्नी आश्रम चालवायचे ते रात्रंदिवस राबायचे. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

आणि मुख्य मुद्दा. आईबाप जिवंत आहेत म्हणता, मान्य. पण ते खायला घालू शकत नाहीत, शाळा नाही, दवाखाना नाही. त्या मुलाला आश्रमात तीन वेळा जेवण आणि शाळा मिळते. तुम्ही म्हणता परत गावी पाठवा. गावात काय आहे? हे सगळं आपल्यासारख्या पोट भरलेल्या लोकांनी इथे बसून ठरवणं मला पटत नाही. उद्या सगळ्यांनी जाणं बंद केलं, देणग्या बंद झाल्या, तर आज तिथे जी मुलं आहेत ती कुठे जाणार?

---

शिरीषफूल

@रानवारा, प्रश्न योग्य आहे, आणि तुम्ही काही महिने राहून ठरावीक विषय शिकवलात हे दोन आठवड्यांच्या सहलीपेक्षा नक्कीच वेगळं आहे. आश्रम चालवणारे सगळे लबाड असतात असं माझंही म्हणणं नाही, मनापासून करणारी माणसं मी खूप बघितली आहेत.

पण कंबोडियाचंच घ्या. तिथल्या सरकारने आणि युनिसेफने मिळून 2011 मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, त्यात निवासी संस्थांमधल्या 77 टक्के मुलांचा एक तरी पालक हयात निघाला. आणि 2005 ते 2010 या पाच वर्षांत संस्थांची संख्या 75 टक्क्यांनी वाढली. तिथलं युद्ध तोवर कधीच संपलं होतं, देश सावरत होता आणि आईबाप गमावलेली मुलं कमी होत होती. वाढले होते ते पर्यटक आणि देणग्या. बेड तयार झाले की ते भरायला मुलं आणली जातात, हा साधा हिशोब आहे. त्याच वर्षी फ्रेंड्स इंटरनॅशनल या संस्थेने तिथे 'मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नाही' अशी मोहीम चालवली होती, तुमच्या काळात सिएम रीपला ती पोस्टरं कदाचित दिसलीही असतील.

आणि खायला घालू शकत नाहीत म्हणता ना, तर मग खायला घालायला मदत करा, मूल कशाला उचलून आणायचं? एका मुलाला संस्थेत ठेवायला जागेचं भाडं, कर्मचारी, स्वयंपाक, वीज हा सगळा खर्च येतो. त्याच्या कितीतरी कमी पैशात ते मूल आपल्या घरी राहून शाळेत जाऊ शकतं. आपल्याकडे महाराष्ट्रात बालसंगोपन योजना त्याच विचाराने आहे, एकल पालक किंवा आजारी पालक असलेल्या मुलाला घरीच ठेवायचं आणि महिन्याला रक्कम द्यायची, आता ती 2250 रुपये आहे. वेळेवर येत नाही ही तक्रार खरी आहे आणि त्यासाठी आम्ही भांडत असतो, पण दिशा बरोबर आहे.

आज तिथे असलेल्या मुलांचं काय, तर एका रात्रीत कुणीच गेट उघडून मुलांना बाहेर काढा म्हणत नाहीये. एकेका मुलाचं घर शोधायचं, आईबाप सांभाळू शकतात का बघायचं, त्यांना आधार द्यायचा, मग पाठवायचं, आणि नंतरही दोन वर्षं तरी बघत राहायचं. ज्यांना खरंच कुणी नाही त्यांच्यासाठी मामा, काका, आजी, नाहीतर पालक कुटुंब. हे काम स्थानिक भाषा येणाऱ्या, तिथेच राहणाऱ्या माणसांचं आहे. सोळा वर्षांच्या मुलीने दोन आठवड्यांत करायचं नाही.

---

पाटीपेन्सिल

एरवी फक्त वाचते, आज राहवलं नाही. मी स्वतः महाराष्ट्रातल्या एका बालगृहात वाढलेय, सातव्या वर्षापासून दहावी होईपर्यंत. संस्थेचं नाव, गाव काही लिहिणार नाही. माझी आई जिवंत होती. वडील गेले, आई ऊसतोडीला जायची, दिवाळीच्या आसपास टोळी निघायची ती उन्हाळ्याला परत. मला कोपीवर घेऊन गेली तर शाळा बुडायची आणि गावात ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तिने मला तिथे ठेवलं. तिला वाटलं पोरगी शिकेल. शिकले मी. तिथे जेवण मिळालं, पुस्तकं मिळाली, त्याबद्दल मला काही वाईट बोलायचं नाहीये.

पण पाहुण्यांचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. रविवार म्हणजे पाहुणे. कुणाचा वाढदिवस, कुणाचं श्राद्ध, कुठल्यातरी कंपनीचे लोक. सकाळी लवकर आंघोळ, ठेवणीतले फ्रॉक, सतरंजीवर उंचीप्रमाणे ओळीत बसायचं, प्रार्थना म्हणायची. मग कुणीतरी त्यांच्या मुलाचा केक कापायचं आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या. तो मुलगा आमच्याच वयाचा, त्याचे आईबाबा दोन्ही बाजूंना उभे. मग कागदाच्या डिशमध्ये केक, वेफर्स, आणि फोटो. फोटोत हसायचं. आणि कुणीतरी बाई हमखास डोक्यावरून हात फिरवत विचारायची, बाळ तुझे आईबाबा कुठे आहेत? सगळ्यांच्यासमोर. मला ते उत्तर पाठ झालं होतं.

एक कॉलेजची ताई मात्र वेगळी होती. दर शनिवारी यायची, मला अपूर्णांक तिने शिकवले, माझ्या केसांना खोबरेल तेल लावून दोन वेण्या घालायची आणि वेणी घालता घालता गोष्ट सांगायची. मी पाचवीत होते. मला वाटायचं ही मला घरी नेणार. तसं ती कधी म्हणाली नव्हती, माझं मीच ठरवलं होतं. परीक्षा झाल्यावर येते म्हणाली आणि आली नाही. बहुतेक नोकरी लागली असेल, लग्न झालं असेल, माझा तिच्यावर अजिबात राग नाही. पण मी कितीतरी शनिवार केस न विंचरता बसायचे. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी ओरडायच्या, मग त्याच ओढून ओढून वेणी घालायच्या. त्यांना गोष्ट वगैरे येत नव्हती, पण त्या रोज असायच्या. आज मी कुणाला आई म्हणून भेटायला जाते तर माझ्या आईनंतर त्याच.

त्यानंतर मी कुठल्याच ताईला नाव विचारलं नाही. बाकीच्या मुलीही विचारायच्या नाहीत, लहान होत्या त्याच विचारायच्या.

माझ्या आईला वर्षाला सहा महिने गावात राहता येईल एवढं काम किंवा एवढे पैसे कुणी दिले असते तर मी घरीच वाढले असते. ऊसतोडीवाल्यांच्या मुलांसाठी नंतर गावातच हंगामी वसतिगृहं, नातेवाईकांकडे ठेवायची सोय असं काही काही सुरू झालं, ते ऐकून बरं वाटलं. ताई, तुमच्या मुलीला हे वाचायला द्या, मराठी वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा.

---

सह्यभटक्या

@पाटीपेन्सिल, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही ऑफिसमधून दरवर्षी असाच 'आश्रम भेट' कार्यक्रम करतो, उद्याच एचआरशी बोलतो, तेच पैसे दुसरीकडे कसे देता येतील बघतो.

---

सिडनी_संध्या

यारा_नदीकाठी, तुम्ही ऑस्ट्रेलियात आहात म्हणून हे लिहिते. याच देशात विसाव्या शतकात पाच लाखांहून जास्त मुलं अनाथाश्रमांत, संस्थांमध्ये वाढली. त्यातल्या कितीतरी मुलांचे आईबाप जिवंत होते, गरीब होते, एकटी आई होती, एवढंच. त्यांना फरगॉटन ऑस्ट्रेलियन्स म्हणतात. 16 नोव्हेंबर 2009 ला तेव्हाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी कॅनबेराला संसद भवनात त्यांची देशाच्या वतीने माफी मागितली. मी जिथे एज्ड केअरमध्ये काम करते तिथे यातले एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, ते अजूनही ताटातला ब्रेड खिशात ठेवतात. या देशाने स्वतःचे अनाथाश्रम कधीच बंद केले, आणि आपल्या पोरांना सुट्टीत दुसऱ्या देशातल्या अनाथाश्रमात पाठवायचं हे मला अजिबात समजत नाही.

सरकारचीही भूमिका आता स्पष्ट आहे. 2017 मध्ये संसदेच्या समितीने आधुनिक गुलामगिरीवर चौकशी केली त्यात अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी हा विषय मुद्दाम घेतला, आणि 2018 च्या मॉडर्न स्लेव्हरी ॲक्टच्या वेळी ती गुलामगिरीचाच एक प्रकार मानली गेली. परराष्ट्र खात्याने 2018 मध्ये लोकांनी परदेशी अनाथाश्रमात अल्प मुदतीचं व्हॉलंटिअरिंग करू नये म्हणून मोहीम काढली. 2019 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही हा मुद्दा आला. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी अनाथाश्रमाच्या सहली बंद केल्या. तुमची कंपनी अजून चालवते आहे म्हणजे त्यांना हे माहीत नाही असं होऊच शकत नाही.

मुलीच्या शाळेच्या नावाने ही ट्रिप आहे का, का मैत्रिणींनी आपली आपण ठरवलीये? शाळेची असेल तर प्रिन्सिपलला लेखी ईमेल करा.

---

यारा_नदीकाठी

सगळ्यांचे खूप खूप आभार. पाटीपेन्सिल, तुमचं लेकीला वाचून दाखवलं. तिला मराठी कळतं पण वाचता येत नाही. ती मध्येच उठून खोलीत गेली, मग तासाभराने बाहेर येऊन म्हणाली मला त्या वेण्यांचं परत वाच.

ट्रिप शाळेची नाहीये, मैत्रिणींच्या एका आईने ठरवलीये. मी कंपनीला काल फोन केला आणि सरळ विचारलं: मुलांचे आईवडील खरंच नाहीत हे कुणी तपासलं? मुलं कुठल्या जिल्ह्यातली आहेत? मुलं आपल्या घरी परत जावीत म्हणून आश्रम काय करतो, गेल्या वर्षी किती मुलं गेली? आमच्या पैशातले किती आश्रमाला जातात? व्हिसा कुठला? त्या मुलीने, सेल्सचीच असावी, खूप गोड बोलून सगळ्याला 'आमचे लोकल पार्टनर बघतात' एवढंच उत्तर दिलं. व्हिसाचं म्हणाली एअरपोर्टवर कुणी विचारलं तर ट्रेकिंगला आलोय असं सांगायचं. सोळा वर्षांच्या मुलीला इमिग्रेशनवर खोटं बोलायला सांगतायत! तिथेच माझं ठरलं. डिपॉझिट भरत नाहीये.

आता अडचण अशी की लेकीला नेपाळला तर जायचंच आहे. मैत्रिणींपैकी अजून दोघींच्या आयांनी हे वाचून (मी इंग्लिशमध्ये सांगितलं) आश्रमाला नाही म्हटलंय. मग आम्ही तिघी आया आणि तिघी मुली मिळून आपल्या आपण गेलो तर? आणि तिथे जाऊन काही चांगलं करायचंच असेल तर काय करावं? लेक विचारतेय की शाळेत जाऊन एखादा दिवस शिकवलं तर ते तरी चालेल का?

---

काठमांडूकर

वा, छान निर्णय. जरूर जा, नेपाळला लोकांनी यावं अशीच तिथल्यांची इच्छा असते, पर्यटनावर कितीतरी घरं चालतात.

शाळेत एक दिवस शिकवायचं म्हणाल तर मी नको म्हणेन, शिक्षकांचा तास बुडतो आणि डिसेंबर-जानेवारीत डोंगराकडच्या बऱ्याच शाळांना थंडीची सुट्टी असते. त्यापेक्षा गावात होमस्टेला राहा. घांद्रुक आहे पोखऱ्याहून, गुरुंग लोकांचं गाव, जीपने जवळपास पोचता येतं आणि समोर अन्नपूर्णा दक्षिण. स्याङ्जा जिल्ह्यात सिरुबारी आहे, नेपाळमधलं होमस्टेचं पहिलं गाव म्हणून ओळखतात, तिथे गर्दी कमी. घराघरात दोन-दोन पाहुणे वाटून देतात, पैसे त्या घरच्या बाईच्या हातात जातात. आईला गावातच कमाई झाली की पोर एजंटच्या हाती द्यायची वेळ येत नाही, तुमच्या लेकीला हे समजावून सांगा, तिला आवडेल. चुलीजवळ बसून ढिंडो (तिथली पिठाची घट्ट उकड) घोटायला शिकेल, लहान पोरंही भेटतील, पण ती आपल्या आईजवळ असलेली.

गाइड आणि भरिया (सामान वाहणारा हमाल) स्थानिक घ्या, भरियाचा विमा आहे का, त्याला गरम कपडे-बूट आहेत का हे कंपनीला विचारून घ्या, एकाच्या पाठीवर तिघींच्या बॅगा लादू देऊ नका. ते साडेतीन हजार डॉलर होते त्यातले काही द्यायचेच असतील तर मुलांना कुटुंबात परत नेण्याचं काम करणाऱ्या संस्थेला द्या, आश्रमाच्या इमारतीला नको. आणि काठमांडूत थामेलमध्ये किंवा पोखऱ्याला लेकसाइडला कुणी 'अनाथ मुलांचा नाच बघायला चला' म्हणालं किंवा एखादं पोर हात धरून दुधाचा डबा घेऊन दे म्हणालं तर जाऊ नका, घेऊ नका. तो डबा बऱ्याचदा त्याच दुकानात परत जातो.

थंडीचं विचाराल तर काठमांडूत दुपारी ऊन छान असतं, रात्री दोन-तीन डिग्री. घांद्रुकला त्याहून गार, घरात हीटर नसतो, गोधडीसारख्या जाड सिरकी देतात पण थर्मल आणि लोकरी मोजे घरूनच न्या. विमान सकाळचं घ्या काठमांडू-पोखरा, डावी-उजवीची सीट बघून, जाताना उजवीकडून हिमालय दिसतो. तारखा ठरल्या की लिहा, सिरुबारीच्या होमस्टे समितीशी कसं बोलायचं ते सांगते, त्यांना मराठी नाही पण तुमचं हिंदी व्यवस्थित कळेल.